उत्तरेच्या भिंतीतले सव्वादोन फूट

मी सौदीला नक्की काय करतो, हे सव्वीस वर्षांत आमच्या गावात कुणालाच नीट कळलं नाही. निम्मं गाव मला इंजिनिअर समजायचं, निम्मं गवंडी. माझी बायको रझिया मात्र विचारणाऱ्याला एका वाक्यात गार करायची, "ते पडकी घरं मोजतात." विचारणारा माझ्याकडे कीव आल्यासारखा बघायचा आणि विषय बदलायचा. चिडून उपयोग नव्हता, कारण ती अगदी बरोबर सांगत होती.

नवी इमारत आधी कागदावर येते आणि मग जमिनीवर उभी राहते. आमचं उलटं. दोनशे-तीनशे वर्षांची इमारत कशीबशी तग धरून उभी असते आणि दुरुस्तीआधी ती जशी आहे तशी कागदावर उतरवावी लागते. भिंत वाकडी असेल तर वाकडी, तुळई झुकलेली असेल तर झुकलेली. आमचं ऑफिस होतं त्या खमीस मुशैत शहरातल्या एका घरमालकाने मला कॉफी, खजूर आणि पुन्हा कॉफी देऊन विनवलं होतं, "बाबा रे, कागदावर तरी भिंत सरळ काढ. लग्नाला पाहुणे यायचेत, भिंतीवर नकाशा लावणार आहे मी." मी नाही म्हटल्यावर त्याने खजुराचं ताट उचलून आत नेलं.

या धंद्यात एक रीत आहे, ती समजल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. जुन्या इमारतीची मापं एकमेकांशी कधीच तंतोतंत जुळत नाहीत. चारी बाजूंनी फिरून सुरुवातीच्या खुणेपाशी आलं की बोटा-दोन बोटांचा फरक राहतोच. मग तो सगळ्या बाजूंना थोडा थोडा वाटून टाकायचा. यात लबाडी नाही, जगभर असंच करतात. फक्त किती फरक वाटण्याजोगा आणि किती परत जाऊन मोजण्याजोगा, हे ज्याला कळतं तो मोजणीदार. मला ते कळतं, असा माझा पक्का समज होता.

मी नोकरीला लागलो तेव्हा ऑफिसात एक मॅनेजर सोडला तर सौदी माणूस औषधालाही नव्हता. सौदीकरणाचा जोर वाढला तशा खुर्च्या बदलत गेल्या. आधी रिसेप्शनवरचा केरळी गेला, मग कागदपत्रं बघणारा हैदराबादी. दर वेळी आम्ही केक कापायचो, फोटो काढायचो आणि उरलेले सगळे एकमेकांकडे बघायचो. एके दिवशी मॅनेजरने मला आत बोलावलं. "बशीर, तुझी जागा आता सौदी माणसासाठी राखीव झाली आहे. सहा महिने आहेत. नव्या मुहंदिसाला काम शिकव. मग खुरूज." खुरूज म्हणजे इकामा, तिथे राहण्याचा परवाना, परत करून कायमचं घरी.

मुहंदिस म्हणजे इंजिनिअर. दुसऱ्या दिवशी जी आली ती बाई होती. हैफा नाव, जवळच्याच अबहा शहरातली, जुन्या इमारती जपण्याचं शिक्षण स्कॉटलंडमध्ये घेऊन आलेली. आल्या आल्या मला म्हणाली, "अम्म बशीर, मला पदवी आहे, पण हात नाही. हात तुम्ही द्या." अम्म म्हणजे काका. इतकं गोड बोलणाऱ्या माणसावर रागवायलाही जमेना, म्हणून मी मनातल्या मनात कुढत राहिलो. तिला मी पंधरा दिवस जुन्या फायली लावायला दिल्या. असा खडूसपणा मी केला, हे आज लिहिताना लाज वाटते.

त्याच पंधरवड्यात एका बुरुजाचं काम आलं. खमीस मुशैतपासून तासाभरावर डोंगरकडेला एक दगडी बुरूज होता, आपल्याकडच्या चारमजली इमारतीएवढा उंच. पूर्वी टेहळणीसाठी आणि धान्य साठवायला असे बुरूज बांधत. दगडांच्या थरांमध्ये पातळ पाट्यांच्या ओळी बाहेर काढलेल्या, म्हणजे पावसाचं पाणी मातीने भरलेल्या फटींत न शिरता बाहेरच्या बाहेर गळून जावं. या बुरुजाच्या उत्तरेच्या भिंतीला पोट आलं होतं आणि खालून नवा रस्ता जाणार होता. कन्सल्टंटचं म्हणणं, एक तर भिंतीत दाबाने सिमेंटचं पाणी भरून ती घट्ट करा, नाही तर बुरूज उतरवा. भिंत किती जाड, हे मी सांगायचं होतं.

हैफा म्हणाली, "मीही येते." मी म्हटलं, "गाडीत जागा नाही." गाडीत तीन माणसांची जागा होती.

बुरुजाचा मालक अबू मुफर्रेह, ऐंशीच्या घरातला, कमरेला खंजीर आणि डोक्याला सुगंधी पाल्याची गुंडाळी. मी बाहेरून यंत्राने मापं घेतली. चौकोन, प्रत्येक बाजू सात मीटर. आत शेळ्यांच्या लेंड्या आणि कोसळलेल्या छताच्या लाकडांचा ढीग, यंत्र लावायला जागा नव्हती, म्हणून नुसत्या टेपने खोली मोजली. म्हातारा दारात उभा राहून मला सांगत होता, "उत्तरेच्या भिंतीत जिना आहे. माझी आई त्या जिन्याने वर जाऊन जोंधळा काढायची. ती गेली आणि बापाने त्याचं तोंड चिणून टाकलं."

मी हसलो. मी कोकणातला माणूस. आमच्याकडे प्रत्येक गावात एक म्हातारा असतो आणि प्रत्येक म्हाताऱ्याकडे एक भुयार असतं. ते विहिरीतून निघतं, किल्ल्यात उघडतं आणि त्यातून घोडेस्वार जायचा. लहानपणी आम्ही चार भुयारं शोधली, एकात साळिंदर निघालं, बाकीच्यांत तेही नाही. म्हणून मी अबू मुफर्रेहला "इन्शाअल्ला, इन्शाअल्ला" म्हणत टेप गुंडाळला.

ऑफिसात कॉम्प्युटरवर नकाशा काढताना गंमत झाली. दार पूर्वेला. दारापाशी भिंत नव्वद सेंटिमीटर जाड, तशीच पश्चिमेची. त्या बाजूने मापं बरोबर बसली. पण उत्तर-दक्षिण खोली आखूड निघाली. त्या दोन भिंती नव्वदच्या धरल्या तर सत्तर सेंटिमीटर उरत होते, आपल्या भाषेत सव्वादोन फूट. मी दोन क्षण थांबलो. परत जायचं म्हणजे पुन्हा तो घाट, पुन्हा त्या लेंड्या. मग मी खोली उचलून चौकोनाच्या मधोमध ठेवली. निम्मं उत्तरेला, निम्मं दक्षिणेला. दोन्ही भिंती जाड आणि भरीव. खाली सही केली आणि चहा मागवला.

आता स्कॉटलंड. आमच्या करारातच अट होती की मोजणीच्या दोन माणसांनी तीन आठवडे तिकडे जाऊन जुन्या दगडी इमारती कशा सांभाळतात ते शिकून यावं. यादीत माझं नाव सौदीकरणाआधीच गेलेलं, ते बदलायचं तर व्हिसा पुन्हा करावा लागला असता. मॅनेजर कपाळावर हात मारून म्हणाला, "जा. निवृत्तीची सहल समज." दुसरं नाव हैफाचं. ती खूश होती, तिचा नवरा अजून तिथेच शिकत होता.

आमचा गुरू रॉरी नावाचा सत्तरीचा पाथरवट. इंग्रजी मला येतं, असं मी सव्वीस वर्षं समजत होतो. रॉरीने तोंड उघडलं आणि माझी दांडी गुल झाली. हैफाला त्याची बोली पाठ होती. तो बोलायचा, ती मला अरबीत सांगायची, मी मनात मराठी करायचो. एकदा त्याने पाच मिनिटं तावातावाने काही सांगितलं. मी विचारलं, "काय म्हणतो?" हैफा म्हणाली, "चहा गार झाला म्हणतो."

पण काय देश आहे तो! आम्ही गढीवजा उंच घरं बघितली, ज्यांच्या भिंतींना बाहेरून खडीमिश्रित चुन्याचा जाड लेप असतो. मागच्या पिढीने मजबुतीच्या नावाखाली त्यांना सिमेंट फासलं आणि भिंतीतली ओल आतल्या आत कोंडली. आता तेच सिमेंट हाताने टवके काढून उतरवतात आणि पुन्हा चुना लावतात. रॉरी म्हणाला, "भिंत श्वास घेते, तिचं नाक दाबू नका." मला आमच्या गावची खाडीकाठची मशीद आठवली. तिचा जुना चुना खरवडून सिमेंट लावायला पुढाकार माझाच होता. तेव्हापासून तिथे प्रत्येक पावसाळ्यात पोपडे येतात आणि गाव हवेला दोष देतं.

रॉरीची रीत वेगळी होती. टेप काढण्याआधी तो भिंतीला दोन्ही तळवे लावून चालायचा आणि गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला गाठून चहा प्यायचा. "निम्मी मापं तिथेच मिळतात," म्हणायचा.

दुसऱ्या आठवड्यात बोटीने उत्तरेच्या एका बेटावर गेलो. वारा इतका की टोपी हातात धरून चालावं लागे. समुद्राकाठी एक गोल दगडी बुरूज उभा होता, दोन हजार वर्षांचा. ना चुना, ना माती, नुसता दगडावर दगड. तिथे त्याला ब्रॉख म्हणतात. वाकून आत गेलो. रॉरीने भिंतीतल्या एका फटीकडे बोट दाखवलं. आत जिना होता. बुरूज एका भिंतीचा नव्हताच. एकात एक अशा दोन भिंती, मध्ये पोकळी, त्या पोकळीतून वर जाणाऱ्या पायऱ्या, आणि दोन्ही भिंतींना बांधून ठेवणारे लांब आडवे दगड. त्यामुळे एवढी उंची गाठूनही वजन कमी राहिलेलं.

मी चढू लागलो. दोन्ही खांदे दोन्ही भिंतींना घासत होते. दहा-बारा पायऱ्या झाल्या आणि मी थांबलो. सवयीने टेप काढून मी ती वाट मोजली. नेमकी सत्तर सेंटिमीटर नव्हती, बोटा-दोन बोटांचा फरक होता. पण माणसाला जायला किती जागा लागते, ते माझ्या दोन खांद्यांनी मला सांगितलं होतं. मागून हैफा म्हणाली, "अम्म बशीर, दम लागला का?"

मी तिथेच, त्या अंधाऱ्या जिन्यात, तिला सगळं सांगितलं. म्हातारा, त्याची आई, मधोमध ठेवलेली खोली. ती एक पायरी खाली उभी होती.

"तुम्ही सत्तर सेंटिमीटर वाटून टाकलेत?"

"हो."

"आणि मला म्हणालात गाडीत जागा नाही."

"हो."

मग म्हणाली, "सिमेंटचं मशीन कधी लागणार आहे?" मी तारीख सांगितली. सहा दिवस उरले होते. पोकळीत दाबाने सिमेंटचं पाणी शिरलं की पोट आलेली बाहेरची भिंत सुटून थेट दरीत जाणार, हे सांगायला पदवी लागत नाही. माझी पाचावर धारण बसली.

बेटावरून मॅनेजरला फोन लावला. तो आधी ओरडला, मग शांत झाला, आणि ते जास्त वाईट होतं. "मशीन दम्मामहून निघालंय. थांबवायचं तर मला कागद हवा. लिहून दे की तुझा नकाशा चुकीचा आहे. पण बशीर, जिना निघाला नाही तर? सव्वीस वर्षांच्या फायलीत शेवटचा कागद हा राहील. आणि सहा महिने विसर, पुढच्या विमानाने जाशील."

खरं सांगतो, मोह झाला. नकाशावर कन्सल्टंटचीही सही होती. मी कानावर हात ठेवले असते तर बुरूज पडल्यावर दोष बुरुजाच्या वयाला गेला असता. रॉरीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी कोरा कागद घेऊन बसलो. हैफा म्हणाली, "आपण दोघांच्या नावाने लिहू. मी सौदी आहे, मला कोणी काढणार नाही." ज्या मुलीला मी फायली लावायला बसवलं होतं, ती हे म्हणत होती. माझे डोळे भरून आले. मी म्हटलं, "नाही, बेटी. मोजलं मी, वाटलं मी, लिहिणारही मीच." तीन ओळींचं पत्र झालं. तिने फक्त माझं अरबी व्याकरण सुधारलं.

सौदीला पोचलो तेव्हा पत्रामुळे काम थांबलेलं, पण मशीन बुरुजाखाली येऊन उभं होतं. मॅनेजर, कन्सल्टंट, ठेकेदार, सगळे घड्याळ बघत होते. मी आधी अबू मुफर्रेहकडे गेलो. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आता विचारतोस होय?"

"चुकलो, अम्म. तुमचं ऐकलं नाही. तोंड कुठे होतं, दाखवा."

त्याने मला पुरतं एक मिनिट ताटकळत ठेवलं. मग काठी टेकत आत आला. लाकडं-लेंड्यांचा ढीग मजुरांनी उपसला होता. वायव्य कोपऱ्यापासून चार पावलं मोजून त्याने काठी भिंतीला लावली. "इथे. माझी उंची तेव्हा एवढी होती," असं म्हणत त्याने हात कमरेजवळ धरला.

कन्सल्टंट म्हणाला, "पाच वर्षांच्या पोराच्या आठवणीवर आपण काम थांबवलंय?" यमनी गवंड्याने एका दगडाभोवतीची माती काढायला घेतली. हैफाने दगडावर खडूने नंबर टाकला, रॉरीकडे शिकली तसा, म्हणजे परत तोच दगड त्याच जागी बसवता यावा. दगड हलला, अर्धा बाहेर आला आणि अडकला. गवंड्याने पहार घालून ओढला. भोकातून गार हवेचा झोत आला आणि त्यामागोमाग मूठभर जोंधळ्याचे दाणे घरंगळत खाली पडले.

कुणीतरी "अल्लाहु अकबर" म्हणालं. तो कन्सल्टंट होता.

हैफाने भोकात टेप सरकवला. मी मागून आकडा विचारला. ती इतक्या जोरात ओरडली की बाहेरचे मजूर आत धावले, "सत्तर, अम्म बशीर! सत्तर!" त्या एका आकड्याने मला जितका आनंद झाला, तितका पहिला इकामा हातात पडला तेव्हाही झाला नव्हता.

संध्याकाळपर्यंत माणूस जाईल एवढी वाट मोकळी झाली. आत बॅटरीच्या उजेडात पायऱ्या दिसल्या, आणि पायऱ्यांच्या कडेने आतल्या भिंतीवर लाल, हिरव्या, पिवळ्या रेषांचा हातभर पट्टा. या भागात घरं आतून रंगवायचं काम बायकांचं. पण धान्याच्या बुरुजात, तेही अंधाऱ्या जिन्यात, रंग कोण लावतं? अबू मुफर्रेह त्या पट्ट्यावरून बोट फिरवत म्हणाला, "माझी आई. मला अंधाराची भीती वाटायची. ती सांगायची, रेषा धरून ये." ऐंशी वर्षांचा खंजीरवाला माणूस तिथे पायरीवर बसून रडला. आम्ही कुणी कुणाकडे बघितलं नाही.

पुढचं काम सोपं होतं. भिंतीला पोट यायचं कारण म्हणजे दोन भिंतींना बांधणारे लांब दगड तीन जागी तुटले होते. तसेच दगड डोंगरातून आणून बसवले, फटी मातीने भरल्या. सिमेंटची एक चिमूटही लागली नाही. मशीन आलं तसं दम्मामला परत गेलं. पावसाळ्यात गारांसकट वादळ झालं, खालचा नवा रस्ता दोन जागी खचला आणि बुरूज मात्र हलला नाही. मॅनेजरने स्वतः फोन करून मला ते सांगितलं, आणि ते सांगताना तो हसत होता.

सहा महिन्यांचे नऊ झाले, कारण हैफाने वर कळवलं की तिचं शिक्षण पूर्ण झालेलं नाही. ती धडधडीत थाप होती. त्या नऊ महिन्यांत आम्ही मिळून अकरा बुरूज मोजले आणि प्रत्येक गावी आधी सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडे कॉफी प्यायलो. मग केक कापला, फोटो काढला आणि मी खुरूज घेऊन घरी आलो. खुर्ची गेल्याचं वाईट वाटलं नाही, असं म्हणणार नाही. पण जिच्याकडे गेली, तिच्याकडे ती शोभते.

गेल्या महिन्यात हैफाने मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. ती आता नव्याने भरती झालेल्या सौदी मुलामुलींना मोजणी शिकवते. तिच्या मागे पडद्यावर माझा तो चुकीचा नकाशा, खोली मधोमध, खाली माझी सही, झोकदार. पहिल्या दिवशी ती हाच दाखवते म्हणे. एक मुलगी हात वर करून विचारते, "ही चूक कोणी केली?"

हैफा सांगते, "माझ्या उस्तादांनी."

वर्गात हशा पिकतो. मग तीच मुलगी विचारते, "आणि सापडली कोणाला?"

"त्यांनाच. आणि सही करून सांगितली त्यांनी. म्हणून तो बुरूज आज उभा आहे."

व्हिडिओ तिथे संपला. रझिया शेजारी बसली होती, तिला अरबी येत नाही. "काय म्हणतेय ती पोर?" तिने विचारलं. मी सगळं मराठीत सांगितलं, आणि तिने विचारलं नाही तरी मी पुन्हा एकदा सांगितलं.